कुंपणातलं भगदाड

डोंगराच्या पायथ्याच्या त्या वस्तीत झाडं भरपूर, माणसं नावालाच. प्रत्येक बंगल्याला पुरुषभर उंचीचं हिरवं कुंपण. आत कोण हसतं, कोण कुढतं, पानांनाच ठाऊक. दुपार कलली की डोंगराची सावली आधी मागच्या खोल्यांवर उतरे. अशाच एका खोलीत एका वकिलाची आई राही. नवरा गेल्यापासून तिचं ताटही तिथेच जाई. नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांत मिरवू नये, ही त्या घराची रीत.

त्या दिवशी नातीचं लग्न ठरवायला मंडळी आली होती. नातीच्या अंगावरचे कपडे आजीनंच शिवलेले.

"आई, पाहुणे जाईपर्यंत मागेच थांबा हं," सून म्हणाली. "शुभकार्य आहे, समजून घ्या."

"समजूनच घेतेय गं, इतकी वर्षं."

मागच्या अंगणात माळ्याची कात्री राहिली होती. आजीनं ती उचलली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुंपणाला डोक्याएवढं भगदाड पडलं आणि पलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारची शिक्षिका दिसली. ती दचकली. मग हातवारे करत ओरडली, "बऱ्या... आहात... ना... आजी?"

"अगं हळू! बहिरी समजलीस की काय?"

"वकीलसाहेबच म्हणाले, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि... माणसं ओळखत नाही."

"ओळखायला आधी माणसं दिसायला नकोत का?"

शिक्षिका हसायला गेली, पण तिला हसता येईना. मग म्हणाली, "फाटकाशी तुमच्या पाहुण्यांच्या गाडीत एक आजी मघापासून एकट्याच बसल्यात. त्यांनाही ऐकू येत नाही का हो?"

मागची खोली आजीनं रीत म्हणून सोसली होती. पण पोटच्या पोरानं आपल्याला असं जिवंतपणी पुसून टाकलं, हे तिला आज कळलं. तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि सरळ दिवाणखान्यातून निघाली.

"आई, तुला बरं नाहीये ना!" वकील मोठ्यानं म्हणाला.

"ठणठणीत आहे मी, ऐकूही येतंय. हळू बोल."

फाटकाशी गाडीवर सावली आली होती. आत नवऱ्या मुलाची आजी पिशवी कवटाळून बसलेली.

"शुभकार्यात मला आत यायची चाल नाही हो," ती पुटपुटली.

"मलाही नाही. चला, सोबत होईल."

दोघी हात धरून दारात आल्या. नात तेवढी उठली, आणि तिनं आपल्या शेजारच्या दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

तुमच्या फाटकाशी आज गाडी उभी असेल, तर काचेतून एकदा डोकावून बघा.