मोर्णेत उतरलेली तबकडी

मी एक तबकडी. पाणी किती गढूळ आहे ते सांगणारी. मूळची मी डब्याचं झाकण. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत रागिणी मॅडम विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मला भोक पाडलं, काळ्या-पांढऱ्या रंगानं रंगवलं, खाली वजन बांधून दोरीत ओवलं.

"हिला पाण्यात सोडायचं. दिसेनाशी झाली की दोरी किती ओली झाली ते मोजायचं," त्या मुलांना सांगत. "पाणी जितकं नितळ, तितकी ही खोलवर दिसते."

शहरातल्या मोर्णा नदीत पहिल्यांदा उतरले तेव्हा वर्गातला ललित ओरडला, "मॅडम, हे तं बुडताच गायब झाली!" सगळे हसले. पिंकी हसली नाही. तिचं घर नदीकाठीच होतं. वास येतो म्हणून वर्गातलं कुणी तिच्याकडे जात नसे.

हिवाळ्यात शाळेची सहल जंगलातल्या सेमाडोहला गेली. तिथं सिपना नदीत पिंकीनंच मला सोडलं. मी तळाच्या गोट्यांवर टेकले, तरी वर तिचा चेहरा मला दिसत होता.

"मॅडम, आपली मोर्णाबी अशीच होती काय?"

"माझी आई तिचं पाणी भरून आणायची," मॅडम म्हणाल्या.

सहलीहून परतल्यावर पिंकी हटूनच बसली. "नदी कुठून बिघडते, ते मले पाहाचं आहे."

एका रविवारी मॅडम आम्हाला गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथं मी हातभर खोल दिसले. शहर जवळ येऊ लागलं तशी लवकर हरवू लागले. पिंकीच्या वस्तीच्या बऱ्याच वर एक नाला नदीत पडत होता. त्याच्या खालच्या अंगाला मी दिसलेच नाही.

"म्हणजे घाण आमच्यापासून नाही सुरू होत," पिंकी म्हणाली.

ललितनं मान खाली घातली. "हा नाला तं आमच्या कॉलनीकडून येते."

त्या दिवशी तो पहिल्यांदा पिंकीच्या घरी चहा प्यायला.

पुढे मॅडमची शेंदूरजनाघाटला बदली झाली. "मुलांना उपयोगी पडेल," म्हणून त्यांनी मला इथंच ठेवलं. नव्या सरांना मात्र धास्ती वाटते. "पोरगं पाण्यात पडलं तर?" त्यांचंही खोटं नाही. पिंकी, ललित शाळा सोडून गेले. मी कपाटात आहे. मुलं वहीत माझं चित्र काढतात, पण त्या चित्रात पाणी नसतं.

सिपनेची आठवण येते. पण ओढ लागते ती मोर्णेचीच. मुलांनो, मोठ्या माणसांना सोबत घ्या, काठाशी जपून उभे राहा, पण मला तिथं न्या रे. बोटभर पाण्यात हरवले तरी चालेल. वर कुणीतरी दोरी धरून मला शोधत असावं.