सोबत म्हणून

सुरीचं टोक साबणाच्या वडीत रुतवून तिने हलकेच एक कड उतरवली. ओट्यावर पांढरा भुगा सांडला. चार उंचवटे, मधोमध खळगा. खालची दाढ जमत आली होती. तेवढ्यात न्हाणीघरातून नवऱ्याची हाक आली.

“अगं, हा साबण टोचतोय.”

“दाढ आहे ती, बाबा. मुळांकडून घासा,” समोर बसलेली लेक मान वर न करता म्हणाली.

गेल्या काही दिवसांत घरातली एकही वडी चौकोनी राहिली नव्हती. दंतवैद्यक कॉलेजात प्रवेश हवा तर विज्ञानाचे गुण हवेत, दवाखान्यात काम केल्याचा अनुभव हवा, मुलाखत द्यायला हवी आणि मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरून दाखवायला हवा. फॉर्म दोघींनी भरला होता. आईने आणि लेकीने.

कल्पना लेकीची. “मला एकटीला अभ्यासाचा कंटाळा येतो. तूही बस ना. सोबत म्हणून.”

“या वयात? लोक म्हणतील, शिंगं मोडून वासरांत शिरली.”

“म्हणू देत. वासरांना चालतंय.”

लेक पोटात होती तेव्हा तिचं कॉलेज सुटलं होतं, ते सुटलंच. पुढे ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. हत्यारं उकळायची, डॉक्टरांच्या हातात द्यायची, खुर्चीत घाबरून बसलेल्यांना बोलण्यात गुंतवायचं. लेकही सुट्टीत तिथेच येऊन बसू लागली. रसायनशास्त्राची परीक्षा मात्र आईला नव्याने द्यावी लागली. पुस्तक उघडलं त्या दिवशी सगळं डोक्यावरून गेलं. मग हळूहळू गोडी लागली, इतकी की स्वयंपाक करतानाही ती समीकरणं पुटपुटू लागली. भाजीवाला भाव सांगायचा आणि तिचं लक्ष त्याच्या सुळ्याकडे असायचं. एकदा तर डॉक्टरांना चिमटा देता देता तिने असा काही प्रश्न विचारला की ते थांबून म्हणाले, “बाई, आज हत्यारं देताय की माझी परीक्षा घेताय?”

“लेकीसाठी विचारतेय,” ती म्हणाली आणि मास्कच्या आड हसली.

प्रवेशपरीक्षेच्या सकाळी दोघी एकमेकींना “घाबरू नकोस” सांगत पायऱ्या चढल्या. मेणाचा ठोकळा हातात आला. तिने पहिली कड उतरवली. मग भोवतीच्या विशीतल्या पोरांचा तिला विसरच पडला. वेळ संपताना तिने मान वर केली. लेक दोन बाकं पुढे केव्हाची हात बांधून बसली होती आणि तिच्यापुढची दाढ नुकतीच कुणाच्या तोंडातून काढल्यासारखी दिसत होती. हिचं तर झालंच, ती मनात म्हणाली.

“माझी मुलाखत पलीकडच्या खोलीत आहे. तू जा,” लेकीने तिला दाराकडे ढकललंच.

आत तिघे परीक्षक होते. त्यांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा वर सरकवत विचारलं, “इतक्या वर्षांनी का?” आपण काय बोललो ते बाहेर आल्यावर तिला धड आठवेना. कान तापले होते आणि अंग पिसासारखं हलकं झालं होतं, एवढंच जाणवत होतं.

दुपारी कारकून दारात उभा राहून निवडलेल्यांचे नंबर वाचू लागला. तिचा नंबर आला. लेकीने किंचाळून तिला मिठी मारली. ती मात्र लेकीच्या नंबरासाठी कान टवकारून होती. वाचन संपलं, कारकून आत गेला.

लेकीला तिथेच सोडून ती तडक खिडकीशी गेली. “काहीतरी चुकलंय. माझ्या मुलीची दाढ माझ्यापेक्षा सरस होती.”

कारकुनाने लेकीचा नंबर पाहिला. “दाढ उत्तमच आहे. पण मुलगी मुलाखतीला आलीच नाही.”

ती परतली तेव्हा लेक पायरीवर बसून फोनवर बोलत होती. “बाबा, आई पास. हो, खरंच.”

“मुलाखतीच्या वेळी कुठे होतीस?”

लेकीने फोन कानावरून खाली घेतला. “तुझ्या दाराबाहेर, बाकावर. माझं शिल्पकलेचं ठरलंय, आई. बाबांना ठाऊक आहे. चिडू नकोस.”

“मी तुझ्यासाठी आले होते.”

“तू त्यांनाही तेच सांगितलंस. मुलीला सोबत म्हणून आले, म्हणालीस. मला ऐकू येत होतं.” लेकीचा आवाज किंचित हलला. “मग जरा थांबलीस आणि म्हणालीस, ‘नाही, हे खोटं आहे.’”

तिने पदराने कपाळ टिपलं, लेकीच्या केसांत अडकलेला मेणाचा कण काढला. फोनमधून नवरा केव्हाचा हॅलो, हॅलो करत होता.

“मूळ कागदपत्रं कधी द्यायचीत?” तिने लेकीला विचारलं.

“आजच. खिडकी बंद होण्याआधी.”

“मग बसलीस काय?” पिशवी उचलून ती चालूही लागली. “ऊठ.”