मागाच्या भिंतीला टेकलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब. पोटात पाणी आणि मधल्या नळकांड्यात जाळ, म्हणून माझं डोकं जरा लवकर तापतं, तेवढं सांभाळून घ्या. तुमच्या घरी गिझर असेल. बटण दाबलं की झालं. माझं तसं नव्हतं. मला कुणीतरी उठून पेटवावं लागायचं, आणि मला पेटवायला उठलेलं माणूस पुन्हा काही झोपत नसे. तापल्या पाण्यापेक्षा मला याचाच जास्त अभिमान होता.

कोल्हापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर आहेत. गारगोटीच्या आकारामनं आपल्या लेकीच्या, सोनूबाईच्या लग्नात मला आंदण दिलं. मी एसटीच्या टपावर बसून इचलकरंजीला आलो. तेव्हा मी असा चकचकीत होतो, की लग्नाला आलेले पाव्हणे माझ्यात बघून भांग पाडत होते!

सोनूबाईचा नवरा भाऊसो कापडाच्या यंत्रमागावर कामाला होता. एक आठवडा दिसपाळी, एक आठवडा रातपाळी. त्याची खोली आणि आठ मागांचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. मला मोरीत ठेवलं ते त्याच भिंतीला टेकून. पलीकडं भाऊसो आणि त्याचा जोडीदार पिराजी चार-चार माग सांभाळायचे. रातपाळीला मालक बाहेरून कुलूप लावून जायचा, सूत चोरीला जाऊ नये म्हणून. रात्रभर खटाखट, खटाखट. माझं झाकण थरथरायचं. पहिला महिनाभर मी डोक्यात राख घालून घेतली होती, पण सांगणार कुणाला? मग सवय झाली. जळणसुद्धा तिथलंच मिळायचं, मागाचे मोडके धोटे आणि सूत गुंडाळायच्या फुटक्या लाकडी कांड्या.

आता त्या गल्लीची एक रीत सांगतो, ती तुम्हाला दुसरीकडं बघायला मिळायची नाही. जग आवाजानं जागं होतं. आमची गल्ली आवाज थांबला की जागी व्हायची. रातपाळीचे कामगार उजाडायच्या सुमाराला सगळे माग बंद करून तेलपाणी करायचे, आणि मग पाळी संपेपर्यंत पुन्हा चालवायचे. माग थांबले, की घराघरात माणसं दचकून उठून बसायची. भाऊसोनं एकदा गजराचं घड्याळ आणलं होतं. त्याचा गजर त्या खटाखटीत कुठं जायचा, त्याचा त्यालाच ठाऊक! गारगोटीचे पाव्हणे आले की रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. "कसं ऱ्हाताय गं हितं?" असं ते विचारायचे. सोनूबाई म्हणायची, "तुमच्या गावात मला झोप येत न्हाय. लई सामसूम वाटतंय."

माग थांबले की सोनूबाई उठे, मला पेटवी, भाकरी थापी. लेक संघप्रिया अंघोळ करून, वेणी घालून, भाकरी-आमटी खाऊन वेळेत शाळेला जाई. शेजारच्या धोंडुबाई म्हणायच्या, "सोनूचा बंब पेटला म्हंजे दिवस सुरू झाला." मी फुगून जायचो.

पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. संघप्रिया चौथीत असताना घरात टीव्ही आला. मागाच्या आवाजात ऐकू यावा म्हणून तो मोठ्यानं लावायचे, आणि एकदा लावला की मालिका संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. जेवण उशिरा, निजणं त्याहून उशिरा. सकाळी माग थांबले की पोरगी उठून बसे आणि पुन्हा कलंडे. अंघोळीला फाटा. चहात बेकरीचं बटर बुडवून दारातून पळणं. वर्गात डुलक्या. मला आठवड्यातून एक-दोनदाच पेटवायला लागले, तेही सोनूबाईला कपडे धुवायचे असले तर. माझा इतका संताप व्हायचा! पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि मला तर कुणी जाळतच नव्हतं.

चौथीत संघप्रियाचे गुण घसरले. भाऊसो संतापानं म्हणाला, "डुलक्या काढायला शाळा कशाला? बसवा हिला कांड्या भरायला. चार पैसं तरी येतील." गल्लीतल्या दोन पोरी आधीच कांडी मशीनवर बसल्या होत्या. त्यातली एक संघप्रियापेक्षा लहान होती. सोनूबाई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं नुसती बघत राहिली. भाऊसोनं मान खाली घातली.

हायस्कूलच्या मोठ्या बाईंनी पाचवीत प्रवेश दिला, पण जुनी हजेरी बघून बजावलं, "पहिल्या आठवड्यात उशीर झाला तर दाखला परत देईन." भाऊसोनं घरी येऊन सांगितलं, "दाखला परत आला तर मग कांडी मशीन. माझं शेवटचं सांगणं हाय."

मग घरात नवी घडी बसली. सोनूबाईनं टीव्हीवर चादर टाकली ती काढलीच नाही. दिवेलागणीला जेवण. निजण्याआधी दप्तर भरून, गणवेश घडी घालून माझ्या शेजारच्या खुंटीवर. सकाळी संघप्रिया स्वतः मला पेटवू लागली. पहिल्या दिवशी तिनं एवढा धूर केला की भाऊसोला खोकला आला. पण मी तापलो, मित्रांनो. कितीतरी दिवसांनी तापलो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मालक, बाळासो, कारखान्यात आला. "रोज तेलपाण्याला माग बंद कशाला? कापड कमी पडतंय. आता आठवड्याच्या सुट्टीला एकदाच करायचं." भाऊसोची तेव्हा रातपाळी होती. त्यानं मान डोलावली. यातून घरात काय होईल हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही आलं नाही.

पहाटे माझं झाकण थरथरतच राहिलं. उजाडलं. उन्हाची तिरीप मोरीत आली. गल्लीत एकही दार वाजलं नाही. मी आतून ओरडत होतो, पण गार बंबाला आवाज कुठला? मालकानं कुलूप उघडल्यावर भाऊसो घरी आला, तेव्हा शाळा भरून गेली होती. त्यानं माझ्या पोटाला हात लावला. मी गार. मग त्यानं सगळ्यांना हलवून उठवलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"म्हटलं व्हतं न्हवं मी? पयल्याच दिवशी?"

सोनूबाई म्हणाली, "अवं, आज माग थांबलंच न्हाईत की."

रात्रभर ते माग भाऊसोनंच चालवले होते.

सोनूबाई लेकीला घेऊन शाळेत गेली आणि बाईंच्या हातापाया पडली. "उद्या वेळेत आली तर ठीक, नाहीतर दाखला घेऊन जा," एवढंच ऐकून दोघी परत आल्या. आता उठवणार कोण? रातपाळीत भाऊसो कुलपाआड. भिंत बडवावी तर ती आधीच हादरत असते. सोनूबाई दिवसभर राबलेली, ती जागी राहणार किती?

पाळीवर जाताना भाऊसो लेकीला म्हणाला, "तू लवकर नीज. उठवायचं माझ्याकडं."

"कसं, बाबा?"

"बघतो म्हणलं न्हवं!"

सोनूबाई माझ्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. तिला बोल कोण लावणार?

आणि पहाटे माझं झाकण एकदम गप्प झालं. एक, दोन करत आठही माग थांबले. अंथरुणात पहिली कोण उठली असेल? संघप्रिया! "आई, माग थांबलं!" ती धावत माझ्याकडं आली. त्या दिवशी मी असा पेटलो की धूर गल्लीभर झाला. पोरगी घंटेच्या आधी शाळेत होती.

भाऊसो रोज माग थांबवू लागला. सहाव्या पहाटे बाळासो अचानक कुलूप उघडून आत आला. सगळं सामसूम होतं, म्हणून शब्द न् शब्द भिंतीतून मला ऐकू आला.

"तेलपाणी बंद म्हणून सांगितलंतं का न्हाय?"

"सांगितलंतं, मालक."

"मग?"

"पोरीची शाळा हाय. माग थांबल्याबिगर ती उठत न्हाय."

"शाळा तुझ्या पोरीची. आन माग कुणाचं?"

"तुमचंच. पिराजीला काय बोलू नगासा. मीच समदं बंद केलं."

त्या सकाळी भाऊसोचं काम सुटलं. घरी येऊन तो लेकीला एवढंच म्हणाला, "मालकाचं आन माझं पटंना." मग गावाच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास मागांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथं आवाज सहापट. सायकल मारत जायचा, मारत यायचा. पलीकडचे माग मात्र आता थांबेनात, तरी संघप्रिया उठायची! त्या आठवड्यानं तिच्या अंगात वेळ भिनली होती. त्या खटाखटीत ती आपली आपण उठून मला पेटवायची. दाखला काही परत आला नाही.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट, तिला अकरा वर्षं झाली. आता संघप्रिया नर्सिंग शिकायला रोज कोल्हापूरला जाते. बापाचं काम का सुटलं, हे तिला पिराजीकाकाकडून फार उशिरा कळलं. त्या दिवशी ती माझ्याशेजारी बसून खूप रडली.

माझं बूड गळायला लागलं. मोरीत गॅसचा गिझर आला. मी दाराबाहेर आहे आणि माझ्या नळकांड्यात जुन्या छत्र्या खुपसून ठेवल्यात. त्यानंतर झालेला तिचा धाकटा भाऊ आर्यन यंदा पाचवीत गेला. टीव्हीवरची चादर कधीच निघालीय. बहीण त्याला तीनदा हाका मारते आणि बस चुकेल म्हणून पळते. सोनूबाई हलवून हलवून दमते. हा कूस बदलतो. पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

पन्नास मागांनी भाऊसोचे कान नेले. परवा तो रातपाळीहून आला आणि बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं म्हणाला, "आर्या उठला का?" सोनूबाईनं काहीतरी सांगितलं. त्याला ते कळलं नाही. मग सवयीनं त्यानं माझ्या पोटाला हात लावला. मी गार होतो.

मित्रांनो, माझ्या बुडाला डाग मारून, गळती बुजवून मला पुन्हा पेटवा, असं मागायचं मनात होतं. पण तो हात लागला आणि ते मागणंच विसरलो. तुम्ही रात्री वेळेत निजा आणि सकाळी आपले आपण उठा. भाऊसो आता कुणासाठी माग थांबवू शकत नाही, पोरांनो. माग चालू आहेत का थांबलेत, हेच त्याला ऐकू येत नाही.