बुटावरचा थेंब

निवृत्तीला किती दिवस उरले ते मी मोजत नव्हतो. मोजायलाही उत्साह लागतो.

सगळं आयुष्य मी माणसांच्या कवट्या उघडल्या. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांजवळ गाठ असली की पूर्वी आम्ही वरून जायचो. हाड कापायचं, मेंदू अलगद बाजूला धरायचा आणि तळ गाठायचा. त्यात दिवस जायचा. पेशंट वाचला तरी कुणाची नजर गेलेली असायची, कुणाचा वास. आता सलिल नाकातून दुर्बीण घालून खालून थेट गाठीपाशी पोचतो. तो नाक-कान-घशाचा सर्जन, माझ्या मुलाच्या वयाचा. तो दुर्बीण धरतो आणि मी पडद्याकडे बघत गाठ काढतो. माझ्या उमेदवारीत आम्ही मेंदूवाले नाकवाल्यांबरोबर चहाही घेत नव्हतो.

खालून जाण्यात मेख एकच. मेंदूभोवती पाणी असतं, त्याची पिशवी तिथे उघडावी लागते आणि मग ते भोक बुजवावं लागतं. सुरुवातीला ही भोकं गळायची, मेंदूपर्यंत जंतू पोचायचे आणि चांगली झालेली माणसं तापाने जायची. पुढे नाकातल्याच पडद्याचं अस्तर फिरवून ठिगळ लावायची युक्ती निघाली आणि ही शस्त्रक्रिया मार्गी लागली. एवढी सगळी विद्या, पण मदार ठिगळावर.

सुशीलाबाई मूळच्या परभणीकडच्या. मुलगा शुभंकर पुण्यात खराडीला आयटीत, राहायला वाघोलीत. दाखल झाल्या तेव्हा त्यांना ताटातला भात दिसत नव्हता, चाचपून जेवत होत्या. ऑपरेशननंतर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगितलं आणि शुभंकर बाहेर जाऊन रडून आला. मलाही बरं वाटलं. हल्ली ते क्वचितच वाटतं.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी सलिलने त्यांना बसवून पुढे वाकवलं, नाक तपासलं. कोरडं होतं. "ऑल क्लिअर, सर," तो म्हणाला आणि पुढच्या केसला गेला. शुभंकर औषधं आणायला खाली गेला होता. निरोप घ्यायला मी एकटाच त्यांच्या खोलीत शिरलो.

पलंगावर पाटी होती : वाकू नये, नाक शिंकरू नये. तरी मला बघताच बाई उठल्या आणि माझ्या पायाशी वाकल्या. नमस्काराला पेशंट वाकला की मी झटकन मागे सरतो, इतकी वर्षांची सवय आहे. त्या सकाळी पाय हललेच नाहीत. मी इतका दमलो होतो की "अहो, नको" म्हणायलाही तोंड उघडलं नाही. माझ्या थकव्याचा पेशंटला झालेला हा पहिलाच उपयोग.

माझ्या बुटावर थेंब पडला. पाण्यासारखा, स्वच्छ.

बाई सरळ झाल्या आणि नाक वर ओढलं. मी थेंबाकडे बघत राहिलो. फरशी नुकतीच पुसली होती, त्याचाच शिंतोडा असेल, असं मनाला पटवायचा प्रयत्न मी केला. पुन्हा थिएटर, पुन्हा तासन्‌तास उभं राहणं, मला खरंच नको होतं. मग मी स्टूल ओढून बसलो. मेंदूभोवतीचं पाणी गळत असलं की घशात खारट उतरतं.

"सुशीलाबाई, घशात खारट लागतं का?"

"काई नाई ओ."

"आणि सकाळी, तपासायच्या आधी? नाक वर ओढलं होतंत?"

त्या पदराचं टोक चुरगळत राहिल्या. "गिळलं मी ते. कालपासून," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाकातून गेलात आन् दिसायचं बंद झालं तर? आताच तर दिसायलंय. घरी जाऊ द्या की साहेब."

एवढ्या वर्षांत पेशंट माझ्याशी खोटं बोलले की मी चिडायचो. या वेळी राग आला नाही. मला त्यांची भीती कळली, कारण तीच माझ्याही पोटात होती.

"घरी गेलात तर ताप मेंदूत जाईल," मी म्हणालो. "मग नजर राहिली काय, गेली काय. भोक बुजवायचंय, नसांना हात लावायचा नाही. मांडीतलं थोडं अस्तर घेऊन दुसरं ठिगळ लावू. पण नजरेचा शब्द मी देत नाही. देता येत नाही."

 त्यांच्या नाकातून आणखी एक थेंब आला. या वेळी त्यांनी तो वर ओढला नाही, ओघळू दिला.

"तुमच्या बुटावर पडला तवा मला दिसला, साहेब," त्या म्हणाल्या. "येवढा बारीक. महिन्यापूर्वी पोराचं तोंड दिसत नव्हतं. तेवढं राहू द्या, दुसरं काई मागत नाई."

मी हो म्हणालो नाही. त्यांची उशी उंच केली, त्यांना आडवं केलं आणि सलिलला फोन लावला.