पान एकतीसचा कोन

विमानांचं संदर्भपुस्तक हातात आलं की मी आधी मजकूर वाचत नाही, स्टीलची पट्टी काढते. छोटी हुबेहूब विमानं बनवणारे लोक ही पुस्तकं आराखड्यांसाठी घेतात, आणि छापताना आराखडा एक टक्का जरी आखडला तरी पंख धडाला नीट बसत नाही. म्हणून आधी लांबी, मग पंखांची रुंदी, मग चाकांमधलं अंतर. त्यानंतर एकेक फोटो आराखड्याशी ताडून पाहायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं तपासणं ही माझी नोकरी आहे, त्यामुळे ही सवय घरीही सुटत नाही. आई म्हणते, "यशोधरा, भाकरीचा पण व्यास घे एकदा."

तपासलेल्या पुस्तकाला मी दहापैकी गुण देते आणि ते मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकते. सहाशे लोक आहेत. ते माझे गुण बघून पुस्तक मागवतात किंवा मागवत नाहीत.

जानेवारीत 'नॅटचे बारकावे' आलं. अठ्ठेचाळीस पानं, २०२२ साली छापलेलं, लेखक प्रमोद साळवे, अंबरनाथचे निवृत्त ड्राफ्ट्समन. नॅट हे हवाई दलाचं जुनं, अगदी लहान लढाऊ विमान. त्यातलं एक पालेगावला नव्या गृहसंकुलाच्या फाटकाशी तिरप्या लोखंडी पाइपवर चढवून ठेवलंय, आणि साळव्यांनी नेमकं तेच मोजलं होतं. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणाच्या आराखड्यात एकशे ब्याऐंशी मिलिमीटर लांबी हवी होती, ती तंतोतंत होती. मी नऊ गुण द्यायच्या बेतात होते. पण पान एकतीसवर लिहिलं होतं : 'विमानाचं नाक आडव्या रेषेपासून बारा अंश वर आहे.'

त्या रविवारी मी पालेगावला जाऊन कोनमापकाने तीन वेळा मोजलं. नऊ पूर्णांक चार.

मी लिहिलं : 'लेखकाने कोन अंदाजाने ठोकून दिला आहे. ज्याने एक आकडा ठोकला, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास का ठेवावा? दहापैकी चार.' ते वाक्य लिहून मला फार बरं वाटलं होतं.

बाराव्या दिवशी फोन आला.

"जय भीम. चार मार्क देणाऱ्या बाई बोलताय का?"

"जय भीम. कोण?"

"नापास झालेला विद्यार्थी. साळवे. घरी या, पेपर फेरतपासणीला ठेवलाय."

शिवमंदिराच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत ते राहत होते. सत्तरीचा, बारीक अंगाचा माणूस. चहा न विचारता त्यांनी एक वही माझ्यापुढे सरकवली. मार्च २०२२. ओळंब्याची दोरी, दोरीपासून घेतलेली अंतरं, त्यावरून काढलेला कोन. चार वेगवेगळ्या दिवशी घेतलेली चार मापं : बारा, बारा पूर्णांक एक, बारा, बारा. प्रत्येकासमोर वेळ आणि वारा होता की नाही याची नोंद.

मी वही दोनदा वाचली. एकही खोड दिसली नाही. इतकं स्वच्छ काम आमच्या प्रयोगशाळेतही रोज होत नाही.

"काका, मी पण तीनदा मोजलंय."

"मग तुझं यंत्र बिघडलंय."

"माझं यंत्र मीच तपासते."

"हां, म्हणजे चोरही तूच आणि हवालदारही तूच." ते हसले, पण माझं तोंड बघून थांबले. "काय झालं गं?"

दोन्ही मोजमापं बरोबर असतील तर एकच शक्यता उरत होती. ती सांगण्याआधी मी विचारलं, "मधल्या काळात तुम्ही त्याचे फोटो काढलेत?"

काढले होते. दुसऱ्या आवृत्तीसाठी दर जानेवारीत ते जात. पण ते सगळे फोटो त्यांनी एका खोक्यात वेगळे टाकले होते, वर लिहिलं होतं 'बाद'. आराखड्यावर बसत नव्हते म्हणून बाद. लेन्समुळे वाकडे आले असतील, असं त्यांनी ठरवलं होतं. आम्हा लोकांची रीतच ती. फोटो आराखड्याशी जुळला नाही की फोटो वाईट. विमान हललं असेल असं कुणाच्या मनात येत नाही, कारण विमान हेच तर आमचं प्रमाण.

आम्ही ते जमिनीवर मांडले. मागच्या इमारतीची कड उभी धरून मी प्रत्येक फोटोतला कोन काढला. २०२३ मध्ये अकरा पूर्णांक आठ. पुढच्या वर्षी अकरा पूर्णांक तीन. मग दहा पूर्णांक पाच. आणि आता माझे नऊ पूर्णांक चार. साळव्यांनी आलेखाच्या कागदावर ठिपके दिले, पण ते जोडले नाहीत. ठिपके सरळ रेषेत नव्हते. दर वर्षी उतार वाढत होता.

"पाइपच्या बुडाचं वेल्डिंग," ते म्हणाले. "तिथून पुढे झुकतंय ते." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "नाकाखाली ती भाजीवाली रखमा बसते."

दुसऱ्या दिवशी, दुपारी, आम्ही पालेगावला गेलो. रखमा मावशी खरंच बरोबर नाकाखाली बसली होती, पेरू आणि वालाच्या शेंगा घेऊन, शेजारी पाणी शिंपडायची बादली. साळव्यांना ती ओळखत होती. "आलं का मोजणी साहेब! आता पोरीला पण लावलं का कामाला?"

आम्ही मोजलं. नऊ पूर्णांक एक. पाइपच्या बुडाशी नुकताच चंदेरी रंग दिलेला होता, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी नखाने रंग खरवडला. केसाएवढी काळी रेघ होती, पाइपच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली.

मी तिला समजावलं. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन वरसं बसतंय इथं. सावली एवढीच हाय. तिकडं उन्हात शेंगा सुकतील ना. आन हे इमान कुठं जातंय? त्याला काय पेट्रोल हाय?"

सोसायटीचे सेक्रेटरी सुयोग भोईर फाटकाजवळच्या ऑफिसात भेटले. माणूस वाईट नव्हता. वही त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मग मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? 'कोन अंदाजाने ठोकून दिला आहे.' आपलं विमान कव्हरवर आहे म्हणून आमच्या ग्रुपवर पण फिरलं हे."

"ते माझं चुकलं."

"म्हणजे तेव्हा पुस्तक खोटं होतं, आता खरं झालं? बिल्डरच्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे. आता मी मीटिंगमध्ये काय सांगू, की चार मार्कवाल्या वहीवरून क्रेन बोलवा?"

"रेघ तरी येऊन बघा."

"रंगाला तडा जातोच हो." त्यांनी वही बंद करून साळव्यांच्या हातात परत दिली. "पुढच्या महिन्याच्या मीटिंगला ठेवतो. पक्का."

साळव्यांनी वही काखेत धरली. रस्त्यावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बारा हा आकडा माझ्याखेरीज कुणी घेतलेला नाही गं. दुसरा पुरावा नाही."

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की माझं परीक्षण चुकीचं होतं, पुस्तकाला दहा गुण, आणि विमान पडतंय. खाली सत्तावीस हसरे चेहरे आले. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली.

रखमा मावशीचं मात्र वेगळंच निघालं. साळव्यांनी काठीने विमानाच्या नाकाला दोरी अडकवून पितळी ओळंबा सोडला आणि तिला सांगितलं, सकाळी वारा नसताना त्याच्या टोकाखाली रोज एक खूण कर. ती चिंचोके मातीत दाबत गेली. नवव्या दिवशी तिने मला फोन केला.

"पोरी, नऊ चिंचोकं झालं. दीड बोट पुढं आलंय गं ते."

"मावशी, ऊठ तिथून."

"उठले. रस्त्यापल्याड बसलंय. उन्हात."

त्या रात्री मी नीट झोपले. मला वाटलं, जे वाचवायचं होतं ते वाचलं.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा नाकाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली होती. भाजीवाली आपणहून हटल्याचा सोसायटीला आनंद झाला होता. तिथे सिमेंटचं नवं बाक होतं, आणि त्यावर संकुलातल्या चार बायका गार सावलीत संत्री सोलत बसल्या होत्या. ओळंबा कुणीतरी काढून पाइपला गुंडाळला होता.

मी त्यांना उठायला सांगितलं. कारण सांगितलं, आकडे सांगितले. एक हसून म्हणाली, "तुम्हीच का त्या चार मार्कवाल्या?" दुसरीने मला संत्र्याची फोड देऊ केली. साळवे कोनमापक डोळ्याला लावून उभे होते. त्यांनी तो खाली घेतला आणि मला दाखवला. आठ पूर्णांक सहा.

रस्त्यापलीकडून रखमा मावशी आली ती थेट बादली घेऊन. कुणाला काही कळायच्या आत तिने ती बाकावर उलटी केली.

आरडाओरडा झाला. साड्या भिजल्या, संत्री घरंगळली. वॉचमन धावला. सुयोग भोईर आले आणि म्हणाले की या बाईला उद्यापासून फाटकाच्या आसपास दिसू देणार नाही. रखमा मावशी मान खाली घालून ऐकत होती, रिकामी बादली कमरेवर धरून. बायका बडबडत घराकडे गेल्या. बाक ओलं होतं, त्यावर कुणी नव्हतं.

"किती वेळात वाळेल?" साळव्यांनी हळूच विचारलं.

मी बघितलं. सिमेंट नवं, सावली पूर्ण, वारा नाही.

"तास. फार तर दीड."

रखमा मावशीने ते ऐकलं आणि ती नळाकडे चालू लागली.