उंदराचं काम

खुर्शीदने गॅरेजात आलेल्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि तोंड फिरवलं. दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी अर्धी भरलेली बाटली, सीटखाली वाळलेली ओकारी, आणि त्या सगळ्यावर दारूचा आंबूस वास. स्कॅनर जोडायला स्टिअरिंगखाली डोकं घालावं लागलं, तेव्हा त्याने श्वासच रोखून धरला.

“चाळीसच्या वर पळंना,” अजिनाथ बाहेरून म्हणाला. “मागं तर तुमी नीट केली हुती.”

सकाळची शाळेची वेळ, तरी त्याची जीभ जड होती. मागच्या सीटवर त्याची आई छबूबाई नातीला बिलगून बसली होती. रेश्माच्या मांडीवर दप्तर होतं. बाप तिला रोज याच गाडीतून, नगर-मनमाड रस्त्याने शाळेत सोडायचा. या माणसासाठी गाडी पळती करून द्यायची, हे खुर्शीदच्या जिवावर आलं होतं.

स्कॅनरवर तोच जुना बिघाड आला. सायलेन्सरकडच्या धुराचं तापमान सांगणारा सेन्सर बंद. मागच्या वेळी त्याची वायर उंदराने कुरतडली होती. नवा सेन्सर समोरच्या फळीवर तयार होता.

त्याने बॉनेट उघडलं, बोटांनी वायर चाचपली आणि तो थांबला. या वेळी कुरतडल्याची खूण कुठेच नव्हती. वायर एका झटक्यात, तिरकी कापलेली होती. कोल्हारच्या नर्सरीत पेरूची कलमं बांधणाऱ्या बायका फांदीला असाच छेद देतात. खुर्शीदच्या दारातला पेरूही तिथे कामाला जाणाऱ्या छबूबाईच्याच हातचा होता.

म्हातारी खाली उतरून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“लई मोडलंय का, भाऊ?”

“मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे उंदराचं काम न्हाई.”

तिने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

“तुमीच म्हनला हुता, ही तुटली की गाडी पळत न्हाई, नुसती चालती.” मग पदराने ओठ पुसत म्हणाली, “पोराच्या पाया पडून झालं. पोरगी रोज बसती ओ त्याच्या शेजारी.”

तिकडे अजिनाथ मागच्या चाकावर पचकन थुंकला.

“झालं का, खुर्शीदभाई?”

खुर्शीदने बॉनेट खाली आपटलं.

“उंदीर. पार्ट मागवावा लागंल. गाडी ठेवून जा.”

“चालती तर हाय की. हळू नेतो.”

“इंजिन बसलं तर माझ्याकडं यायचं न्हाई.”

अजिनाथने उंदरांना एक शिवी हासडली आणि किल्ली बॉनेटवर फेकली. छबूबाई रेश्माचा हात धरून एसटी थांबवायला रस्त्याकडेला गेली.

किल्ली थुंकीने चिकट झाली होती. खुर्शीदने ती चिंधीने पुसली, फळीवरच्या नव्या सेन्सरच्या खोक्यात टाकली आणि खोका आत, दिसणार नाही असा सरकवला.