हरणाऱ्या बगळ्यांची टोपी

घाम वाळला की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. गडद निळ्या कापडावर त्याची पांढरी रेष दिसते. पुढच्या वेळी घाम जास्त आला, तर जुनी रेष विरघळून थोडी वर सरकते. कमी आला, तर तिच्या खाली दुसरी उमटते. माझ्या कपाळावरच्या बाजूला अशा रेषा एकीखाली एक होत्या. सर्वांत वरची रेष वाकडी होती, कारण ती पहिल्या उन्हाळ्याची होती आणि तेव्हा मला नीट कसे घालायचे ते ठरायचे होते.

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. ओहायोतल्या एल्डन फोर्ड या नदीकाठच्या गावच्या बेसबॉल संघाची. संघाचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. कापडाचे सहा त्रिकोणी तुकडे शिवून मला केले, वर एक गुंडी बसवली आणि पुढे यंत्राने दोऱ्याचा एक बगळा भरला. भरताना दोरा तुटला असावा, कारण माझ्या बगळ्याचा पाय गुडघ्याखाली आलाच नाही. मैदानाच्या दाराशी मांडलेल्या ढिगातून लोर्ना रस्नकने नेमकी मलाच उचलले.

"ही बघ, लंगडी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या टीमला शोभते."

लोर्ना शाळेची पिवळी बस चालवायची. सकाळी बस चालवताना मी तिच्या डोक्यावर असे आणि संध्याकाळी मैदानातही. तिचा नवरा एमेट तिच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायचा. त्याला खेळाचे फारसे काही नव्हते.

"मी फक्त शेंगांसाठी येतो," असे तो सगळ्यांना सांगायचा.

"मग टरफलं तरी आपल्या पायाशी टाक," मागच्या रांगेतला जाडजूड ऑर्विल ओरडायचा. "माझ्या बुटात कशाला?"

आमचा संघ हरायचा. एखाद्या वर्षी नव्हे, जवळजवळ दर वर्षी. गाव लहान, मालकाची ऐपत लहान. कुणी पोरगा चांगला खेळू लागला की जुलै संपायच्या आत एखाद्या मोठ्या शहराचा संघ त्याला घेऊन जाई. लोर्ना त्यांना पुढे टीव्हीवर दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत बघायची आणि म्हणायची, "छान खेळतोय. जेवत असेल ना नीट?"

इथल्या लोकांची एक रीत आहे. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना नऊ-नऊ डाव मिळतात. शेवटच्या डावांत आपला संघ मागे असेल, तर सगळे आपापल्या टोप्या आतली बाजू बाहेर काढून घालतात. टोपी उलटली की नशीब उलटते म्हणतात. त्यामुळे माझे निम्मे आयुष्य उलटे गेले. शिवण बाहेर, बगळा आत, लोर्नाच्या कपाळाला टेकलेला. आणि नशीब? ते क्वचित उलटले. एका वर्षी मात्र बगळे थेट शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले. तेव्हा अनोळखी माणसे रस्त्यात थांबून मला बोट लावून जात. मग शेवटच्या सामन्यात आम्ही हरलो आणि हिवाळ्यात त्या संघातले पाच जण निघून गेले.

"पुढच्या वर्षी," ऑर्विल म्हणाला.

"पुढच्या वर्षी," लोर्ना म्हणाली. हंगाम संपला की इथे एकमेकांचा निरोप असाच घेतात.

एका मार्चमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, लोर्ना गेली. आजार लांबला नाही. एप्रिलमध्ये एमेटने मला खुंटीवरून काढले, मागचा पट्टा दोन भोके सैल केला आणि मला डोक्यावर चढवले. तो दर हंगामाला दोन्ही जागांची तिकिटे घेत राहिला. लोर्नाच्या जागेवर तो आपला कोट ठेवी.

"तुझा कोट आपल्या गोलंदाजापेक्षा बरा दिसतोय," ऑर्विल म्हणे. "त्यालाच पाठव आत."

एमेट हसायचा. पण शेंगा तशाच राहायच्या.

त्याला चेंडू नीट दिसेनासा झाला. मग एका हिवाळ्यात दारापुढच्या बर्फावर तो पडला आणि शेजाऱ्याला दिसेपर्यंत तिथेच राहिला. तेव्हापासून शिकागोहून त्याची मुलगी नोरीन दर रविवारी फोन करू लागली.

"बाबा, ठरवलंत का? खोली तयार आहे तुमची."

"सीझन संपू दे."

हंगाम संपला की तो म्हणे, "वसंतात बघू." वसंत आला की, "आत्ताच तर सुरू झालंय." ज्यांचे आयुष्य पुढच्या वर्षाची वाट पाहण्यात गेले, ती माणसे अशीच बोलतात. त्याला हो म्हणायचे नव्हते आणि नाही म्हणण्याचे बळही राहिले नव्हते. स्वयंपाकघरात तो कधी कधी मला समोर ठेवून बसे आणि ओठ हलवी.

या सप्टेंबरमध्ये शेवटच्या सामन्यासाठी नोरीन स्वतः आली. सकाळी लवकर उठून तिने घर आवरले. टेबलावर मी होते. मळलेली, खारवलेली. तिने मला भांडी धुण्याच्या यंत्रात वरच्या कप्प्यात, कपांच्या शेजारी ठेवले. इकडे बरेच लोक टोप्या अशाच धुतात. गरम पाणी आले. मीठ पाण्यात किती सहज विरघळते ते तुम्ही शाळेत शिकला असाल. मला ते त्या सकाळी कळले.

"बघा बाबा, अगदी नव्यासारखी!"

एमेटने मला हातात घेतले. कपाळाच्या बाजूवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"काय झालं?"

"इथं तुझी आई होती," तो म्हणाला.

नोरीनला आधी समजले नाही. समजले तेव्हा ती खुर्चीवर बसली आणि हाताने तोंड झाकून राहिली. तो तिला रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

मित्रांनो, मिठावर कुणाचे नाव नसते. वरच्या रेषा तिच्या, खालच्या त्याच्या, एवढेच. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एखादी वस्तू मळलेली दिसली, तर ती जरूर धुवा. पण आधी त्यांना विचारा. त्यांनी तो मळ म्हणून ठेवलेला नसतो. आणि त्यांना एकटे बर्फात पडू देऊ नका. नोरीनचे हे म्हणणेही खरेच होते. त्या घरात दोघेही बरोबर होते, म्हणून तर इतके जड झाले होते.

संध्याकाळी मैदानात वारा गार होता. माणसे थोडी होती. मी अजून ओलसर होते. आठव्या डावात आम्ही सहा धावांनी मागे होतो. ऑर्विलने आपली टोपी उलटी केली. एमेटने मला डोक्यावरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"बाबा, उलटी करायची ना?" नोरीनने हळूच विचारले.

"तू कर."

तिने मला उलटे केले आणि स्वतःच्या डोक्यावर घातले. लोर्नाच्या जागेवरचा कोट एमेटने उचलून अंगात चढवला आणि नोरीनला खुणेने तिथे बसवले.

आमच्या एकालाही धाव काढता आली नाही. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा उरलेले सगळे उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या दिवशी तशी पद्धत आहे. खेळाडूंनी टोप्या उंचावल्या आणि ते आत निघून गेले.

"चल रे, शेंगवाल्या," ऑर्विल रांगेतून बाहेर पडत म्हणाला. "पुढच्या वर्षी."

एमेट उठला नाही. मैदानावरचे दिवे एकेक करून विझत होते.

"नाही, ऑर्विल," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ह्या जागा दुसरं कुणीतरी घेऊ दे. हरणं सोसणारं कुणीतरी बघ."

ऑर्विल पायरीवर थांबला. त्याने आपली उलटी टोपी काढून सुलटी केली.

एमेटने नोरीनकडे पाहिले.

"मी येतो तुझ्याकडं," तो म्हणाला. "घर विकून टाकू. पण तिथल्या टीमची टोपी मला आणायची नाही."